'व्हेरिफाय=फॉल्स' काढायचं कसं

रिव्ह्यूला पायथनची फाइल आली की मी आधी एक ओळ शोधते, बाकीचं नंतर वाचते. सर्व्हरशी बोलणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीच्या कॉलमध्ये शेवटी 'व्हेरिफाय=फॉल्स' (म्हणजे 'समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, त्याचं ओळखपत्र, तपासू नको'), आणि शेजारी कॉमेंट: 'तात्पुरतं, लाइव्ह जाताना काढणे'. गिटमध्ये त्या ओळीची तारीख बघावी, तर लाइव्ह जाऊन वर्षं उलटलेली असतात.

आमचं काम दूध संस्था आणि पतसंस्थांचं. संकलन केंद्रावरच्या मशीनमधून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) उचलायचं, सर्व्हरला पाठवायचं, दहा दिवसांचं बिल काढायचं, सभासदाला एसएमएस टाकायचा. एवढ्याशा व्यवहारात आमचा कोड तीन-चार परक्या सर्व्हरशी बोलतो. प्रत्येक ठिकाणी समोरच्याचं सर्टिफिकेट तपासायचं की नाही हे कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा 'उद्या सकाळी डेमो आहे' अशा अवस्थेत ठरलेलं असतं.

ही ओळ कुठे कुठे लपते, ती मुळात का आली आणि ती काढूनही सिस्टिम चालू कशी ठेवायची, ते इथे सांगते. आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर नेहमीचं स्पेलिंग टाका.

बंद केल्यावर काय काय बंद होतं

"एचटीटीपीएस आहे की मॅडम, डेटा एन्क्रिप्टेडच जातोय." हे वाक्य मला दर नव्या बॅचकडून ऐकायला मिळतं. डेटा एन्क्रिप्टेड जातो हे खरंच आहे. प्रश्न असा, की कुणासाठी एन्क्रिप्ट होऊन जातो?

जोडणी करताना क्लायंटने सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर मुख्यतः चार गोष्टी बघायच्या असतात. हे सर्टिफिकेट कुणी सही करून दिलं, त्या देणाऱ्याला कुणी दिलं, असं वर वर जात साखळी आपल्या मशीनवरच्या एखाद्या रूट सर्टिफिकेटपर्यंत (ज्यावर मशीन आधीपासून विश्वास ठेवते, त्या सर्वात वरच्या सर्टिफिकेटपर्यंत) पोचते का. आपण ज्या पत्त्यावर गेलो तो पत्ता सर्टिफिकेटमधल्या नावांत आहे का. मुदत चालू आहे का. आणि साखळीतल्या मधल्या सर्टिफिकेटांना पुढच्यावर सही करण्याचा अधिकार होता का. सर्टिफिकेट रद्द झालंय का, ही पाचवी तपासणी बऱ्याच लायब्रऱ्या आपणहून करत नाहीत. तो विषय आज बाजूला ठेवू.

व्हेरिफाय=फॉल्स लिहिलं की साखळी, नाव, तारीख सगळंच गेलं. पाकीट लाखेनं सील करायचं आणि दारात जो उभा असेल त्याच्या हातात द्यायचं, असा तो प्रकार आहे. त्याच वायफायवर बसलेला कुणीही, किंवा राउटरचा मूळ पासवर्ड न बदलल्यामुळे आत शिरून डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सोय) बदललेला कुणीही, स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट पुढे करतो. आपला कोड ते स्वीकारतो. टोकन, पासवर्ड, सभासदांचे खाते क्रमांक त्याच्याकडे जातात, आणि तो ते खऱ्या सर्व्हरकडे पुढे ढकलत असल्यामुळे आपल्याला सगळं सुरळीत दिसतं. सुरक्षा दोषांच्या वर्गवारीत या प्रकाराला सीडब्ल्यूई-२९५ हा क्रमांक आहे. ऑडिट रिपोर्टमध्ये हा आकडा दिसला तर तो हाच.

खात्री करून घ्यायची असेल तर आपल्याच मशीनवर, आपल्याच सॉफ्टवेअरवर एक प्रयोग करा. एमआयटीएम-प्रॉक्सी नावाचं, मध्ये बसून ट्रॅफिक वाचणारं मोफत साधन दुसऱ्या मशीनवर चालू करा, आपल्या प्रोग्रामला तो प्रॉक्सी वापरायला लावा, आणि त्या साधनाचं रूट सर्टिफिकेट मुद्दाम इन्स्टॉल करू नका. प्रोग्राम एरर देऊन थांबला तर ठीक. नेहमीसारखा चालत राहिला आणि प्रॉक्सीच्या खिडकीत टोकन वाचता आलं, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. मॅनेजरला पटवायचं असेल तर ही खिडकी दाखवा, स्लाइड बनवण्यात वेळ घालवू नका.

शोधायचं कुठे

पायथनमध्ये नुसतं व्हेरिफाय=फॉल्स शोधून भागत नाही. 'सर्ट_नन', 'चेक_होस्टनेम=फॉल्स', 'क्रिएट_अनव्हेरिफाइड_कॉन्टेक्स्ट' हेही शोधा. आणि 'डिसेबल_वॉर्निंग्ज' नक्की शोधा. तपासणी बंद केली की युआरएललिब३ (रिक्वेस्ट्सच्या आतली लायब्ररी) प्रत्येक कॉलला इशारा छापतं, लॉग भरतो, मग कुणीतरी इशाराच बंद करतं. ती ओळ सापडली की मूळ ओळ जवळपासच असते.

नोडमध्ये 'रिजेक्ट-अनऑथराइज्ड: फॉल्स'. त्याहून वाईट म्हणजे 'नोड_टीएलएस_रिजेक्ट_अनऑथराइज्ड=०' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. तो कोडमध्ये नसतोच; डॉट-ईएनव्ही फाइल, डॉकरफाइल किंवा सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये बसलेला असतो आणि त्या प्रोसेसच्या साऱ्या जोडण्यांची तपासणी घालवतो. गो भाषेत 'इनसिक्युअर-स्किप-व्हेरिफाय', डॉटनेटमध्ये कायम ट्रू देणारा सर्टिफिकेट कॉलबॅक. जावात एक्स५०९-ट्रस्ट-मॅनेजरची अशी अंमलबजावणी की जिच्यात 'चेक-सर्व्हर-ट्रस्टेड'च्या कंसात काहीच नाही. शेल स्क्रिप्टमध्ये कर्लचा उणे-के, डब्ल्यूगेटचा 'नो-चेक-सर्टिफिकेट', गिट कॉन्फिगमधला 'एसएसएल-व्हेरिफाय फॉल्स', पिपचा 'ट्रस्टेड-होस्ट', एनपीएमचा 'स्ट्रिक्ट-एसएसएल फॉल्स'. शेवटच्या तिघांकडे दुर्लक्ष होतं, कारण ते 'आपल्या ॲपमध्ये' नसतात. पण त्या वाटेनं परका कोड थेट तुमच्या बिल्डमध्ये येतो, मग ॲप कितीही चोख असून उपयोग काय?

पीएचपीसाठी थोडं थांबते, कारण त्यात एक जुनी गंमत आहे. कर्लला दोन वेगळी बटणं आहेत: 'व्हेरिफाय-पीअर' साखळी बघतं, 'व्हेरिफाय-होस्ट' नाव बघतं. दुसऱ्याची योग्य किंमत ट्रू नव्हे, २ होती. १ दिली तर सर्टिफिकेटमध्ये काहीतरी नाव आहे एवढंच बघितलं जाई, कुणाचं का असेना. पीएचपीत ट्रू लिहिलं की ते १ होतं. म्हणजे तपासणी चालू करायच्या चांगल्या हेतूनं लोकांनी ती बंद केली होती! स्टॅनफर्ड आणि टेक्सास विद्यापीठाच्या (ऑस्टिन) संशोधकांनी २०१२ मध्ये हे उघड केलं, तेव्हा त्यात पैसे घेण्या-देण्याच्या मोठमोठ्या कंपन्यांच्या लायब्रऱ्याही सापडल्या होत्या. लिबकर्लने ७.२८.१ पासून १ ही किंमत नाकारायला सुरुवात केली आणि ७.६६.० पासून १ आणि २ सारखेच धरले. जुन्या होस्टिंगवर पडून राहिलेला पीएचपी असेल तर आवृत्ती बघाच.

आता डेटाबेस. इथे कुणी बघत नाही. पोस्टग्रेसच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये 'एसएसएल-मोड=रिक्वायर' वाचून बरं वाटतं, पण रूट सर्टिफिकेटची फाइल दिलेली नसेल तर 'रिक्वायर' फक्त एन्क्रिप्ट करतं, समोर कोण आहे ते बघत नाही. हवं ते 'व्हेरिफाय-फुल'. मायएसक्यूएलमध्येही 'रिक्वायर्ड' पुरेसं नाही, 'व्हेरिफाय_आयडेंटिटी' लागतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरसाठीच्या ओडीबीसी ड्रायव्हरची १८ वी आवृत्ती आली, एन्क्रिप्शन आपोआप चालू झालं, जुन्या जोडण्या तुटल्या, आणि लोकांनी 'ट्रस्ट-सर्व्हर-सर्टिफिकेट=यस' टाकून गाडी पुढे नेली.

आणि मेल. पायथन २.७.९ (डिसेंबर २०१४) आणि ३.४.३ पासून एचटीटीपीएसची तपासणी आपोआप चालू झाली, त्यामुळे 'पायथन आता सुरक्षित आहे' असा समज पसरला. तो बदल एचटीटीपीपुरता होता. 'एसएमटीपीलिब'मध्ये 'स्टार्ट-टीएलएस' रिकाम्या कंसानं बोलावलं तर सर्टिफिकेट तपासलं जात नाही. त्याला 'क्रिएट_डिफॉल्ट_कॉन्टेक्स्ट' हातानं द्यावा लागतो. बिलाचे पीडीएफ मेलनं पाठवणाऱ्या आमच्या क्षेत्रात ही जागा मला वारंवार सापडते.

आता ओळ काढा आणि एरर वाचा

यादी झाली की एकेक ओळ काढा. सगळ्या एकदम नको. स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) चालवा, एरर येईल. त्या एररमुळेच कुणीतरी तपासणी बंद केली होती, आणि तेव्हा ती कुणी वाचली नव्हती. 'एसएसएल एरर' एवढं दिसलं की पुढचं वाक्य वाचायचं नाही अशी आपल्याकडे पद्धतच पडली आहे. ते वाक्यच सगळं सांगतं.

ओपन-एसएसएल या सर्टिफिकेट हाताळणाऱ्या साधनाची 'एस-क्लायंट' आज्ञा वापरा: कनेक्टला पत्ता आणि पोर्ट ४४३, 'सर्व्हरनेम'ला तोच पत्ता, 'शो-सर्ट्स', आणि 'व्हेरिफाय-होस्टनेम'ला पुन्हा तोच पत्ता. शेवटचं टाकलं नाही तर ही आज्ञा नाव तपासतच नाही, आणि चुकीच्या नावाच्या सर्टिफिकेटलाही 'ओके' म्हणते. शेवटी 'व्हेरिफाय रिटर्न कोड' असा आकडा येतो. ० म्हणजे सगळं ठीक. बाकीचे महत्त्वाचे सातच आहेत.

२० किंवा २१ आला तर साखळी अपुरी आहे. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त हाच येतो. रूट सर्टिफिकेट थेट वेबसाइटच्या सर्टिफिकेटवर सही करत नाही; मध्ये एक इंटरमीडिएट असतं आणि ते सर्व्हरनं सोबत पाठवायचं असतं. सर्व्हर लावणारा ते विसरतो. मग "पण मॅडम, ब्राउझरमध्ये तर हिरवं दिसतंय!" दिसणारच. क्रोम ते हरवलेलं इंटरमीडिएट सर्टिफिकेटमध्येच दिलेल्या पत्त्यावरून स्वतः आणतं, फायरफॉक्सकडे त्यांचा साठा आधीच असतो. कर्ल आणि पायथन नेहमी हे लाड करत नाहीत. त्यामुळे ब्राउझर हा याबाबतीत साक्षीदार म्हणून कुचकामी.

सर्व्हर तुमचा असेल तर दुरुस्ती एका ओळीची. एनजिन-एक्समध्ये 'एसएसएल_सर्टिफिकेट'ला सर्टबॉटने (सर्टिफिकेट काढून देणारं साधन) दिलेली 'फुलचेन' फाइल लावा, नुसती 'सर्ट' नको. सर्व्हर दुसऱ्याचा असेल आणि तो आज दुरुस्त होणार नसेल, तर इंटरमीडिएट तुम्ही आणा. सर्टिफिकेटमध्ये 'सीए इश्युअर्स' नावाखाली त्याचा पत्ता असतो. ते डीईआर या बायनरी स्वरूपात उतरतं, ओपन-एसएसएलनं पीईएम या मजकुराच्या स्वरूपात करून घ्या, सर्टिफायच्या (रिक्वेस्ट्स वापरतं तो रूट सर्टिफिकेटांचा साठा) बंडलची एक प्रत काढा, तिच्या शेवटी हे जोडा, आणि कोडमध्ये 'व्हेरिफाय='ला फॉल्सऐवजी त्या फाइलचा पाथ द्या. साखळी, नाव, तारीख तिन्ही तपासण्या चालू राहतात. मूळ बंडलमध्ये हात घालू नका. पुढच्या पिप अपग्रेडला ते पुसलं जाईल आणि मग बिल निघायच्या दिवशी सगळं बंद पडेल.

१८ आणि १९ म्हणजे साखळीत स्वतःच स्वतःवर सही केलेलं, आपल्या ओळखीचं नसलेलं सर्टिफिकेट आहे. १८ ला ते सर्व्हरचंच असतं, १९ ला साखळीच्या वरच्या टोकाला. स्वतःचा आतला सर्व्हर असेल तर छोटी खाजगी सीए (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) काढा, तिचं रूट क्लायंटवर ठेवा, आणि तिची प्रायव्हेट की वेब सर्व्हरवर ठेवू नका. १९ अचानक, आणि फक्त एकाच ऑफिसमधून येत असेल तर तिथला फायरवॉल ट्रॅफिक उघडून बघतोय असं समजा. त्यांच्या आयटीकडून रूट मागा, त्याचा फिंगरप्रिंट (सर्टिफिकेटची ओळख पटवणारा छोटा कोड) फोनवर वाचून पडताळा, मगच घाला. घालायची जागा: रिक्वेस्ट्ससाठी 'रिक्वेस्ट्स_सीए_बंडल', नोडसाठी 'नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स', जावासाठी कीटूल. पिप २४.२ पासून ऑपरेटिंग सिस्टिमचाच साठा वापरतं (पायथन ३.१० किंवा पुढचा असेल तर), तिथे वेगळं काही करावं लागत नाही.

फिंगरप्रिंट पडताळा हे मी उगाच म्हणत नाही. रूट घालणं म्हणजे त्या सीएला कुठल्याही नावाचं सर्टिफिकेट देण्याची मुभा देणं. २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर आधीच घातलेलं निघालं. त्यानं स्वतःचं रूट बसवलं होतं आणि सगळ्या लॅपटॉपवर प्रायव्हेट की एकच होती; ती काढून घेतली की त्यातल्या कुठल्याही लॅपटॉपला कुठलीही बँक खोटी दाखवता येत होती. आपल्याकडचं उदाहरण २०१४ चं. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेतून गुगलच्या डोमेनची खोटी सर्टिफिकेटं निघाली. गुगलला ती जुलैच्या सुरुवातीला सापडली, अशा यंत्रणांवर देखरेख करणाऱ्या सीसीएने दुसऱ्याच दिवशी एनआयसीची इंटरमीडिएट रद्द केली, आणि पुढे क्रोमने भारताच्या सीसीएचं रूट जीओव्ही-डॉट-इन, एनआयसी-डॉट-इन अशा मोजक्या डोमेनपुरतं मर्यादित केलं. ते रूट विंडोजच्या साठ्यात होतं, म्हणून धोका तिथल्या प्रोग्रामांना. फायरफॉक्सच्या साठ्यात ते नव्हतंच.

६२ म्हणजे नाव जुळत नाही. बहुतेकदा कॉन्फिगमध्ये आयपी पत्ता टाकलेला असतो आणि सर्टिफिकेट डोमेनचं असतं. डोमेन टाका, विषय संपला. खाजगी सीएची सर्टिफिकेटं करत असाल तर नाव 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम'मध्येच द्या. नुसत्या 'कॉमन नेम'कडे क्रोमने २०१७ पासून बघणं सोडलंय. या एररवर लोक फक्त नावाची तपासणी बंद करतात आणि 'साखळी तर बघतोय ना' म्हणतात. त्याचा अर्थ असा, की जगातल्या कुठल्याही डोमेनचं खरं सर्टिफिकेट तुमच्या सर्व्हरच्या जागी चालेल. लेट्स एन्क्रिप्टवर ते फुकट मिळतं.

१० म्हणजे मुदत संपली, ९ म्हणजे मुदत अजून सुरूच झाली नाही. ९ आला की सर्व्हरकडे नाही, घड्याळाकडे बघा. संकलन केंद्रावरच्या रास्पबेरी पायला (पाय ४ पर्यंत) बॅटरीवरचं घड्याळ नाही. रात्री लाइट जाते, सकाळी पाय उठतो आणि त्याला वाटतं अजून मागचीच तारीख चालू आहे. कालच बदललेलं सर्टिफिकेट त्याच्या दृष्टीनं भविष्यातलं. एनटीपीनं (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सोय) घड्याळ जुळेपर्यंत प्रोग्राम सुरू होऊ देऊ नका, किंवा शंभर-दोनशे रुपयांचं आरटीसी (बॅटरीवरच्या घड्याळाचं) मॉड्यूल लावा. तपासणी बंद करण्यापेक्षा ते नक्की स्वस्त.

१० ची एक खास जात आहे. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ हे जुनं रूट संपलं आणि लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं जुन्या उपकरणांवर अडली. ओपन-एसएसएल १.०.२ असलेल्या सर्व्हरला पर्यायी चालू साखळी असूनही ती दिसेना. त्या आठवड्यातल्या कमिटमधल्या व्हेरिफाय=फॉल्स मला अजून सापडतात. उपाय तेव्हाही साधा होता: सीए बंडल आणि ओपन-एसएसएल अद्ययावत करणं.

ओळ काढली तरी ती उरते

समजा कोडमध्ये एकाच जागी, नुसत्या 'सर्व्हर जिवंत आहे का' एवढ्या कॉलसाठी व्हेरिफाय=फॉल्स ठेवलंय आणि पैशांच्या कॉलला ट्रू आहे. दोन्ही कॉल एकाच रिक्वेस्ट्स सेशनमधून, एकाच होस्टला जातात. जुन्या रिक्वेस्ट्समध्ये पहिला कॉल फॉल्सनं गेला, की ती उघडलेली जोडणी पूलमध्ये राहायची आणि नंतरचे ट्रू म्हणणारे कॉलही तीच जोडणी वापरायचे. तपासणी जोडणी उघडताना होते, वापरताना नाही. त्यामुळे पैशांचा कॉल कागदोपत्री तपासलेला आणि प्रत्यक्षात नाही. हा दोष मे २०२४ मध्ये सीव्हीई या सुरक्षा दोषांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२४-३५१९५ या क्रमांकानं जाहीर झाला. दुरुस्ती २.३२.० मध्ये आली, पण २.३२.० आणि २.३२.१ दोन्ही नंतर मागे घेतल्या गेल्या, म्हणून २.३२.२ किंवा पुढचीच घ्या. आज अपग्रेड शक्य नसेल तर असा कॉल वेगळ्या सेशनमधून करा आणि सेशन बंद करा. खरं तर तो कॉलही फॉल्स ठेवण्याचं कारण मला कधी कुणी पटवून दिलेलं नाही.

हा दोष रिव्ह्यूमध्ये डोळ्यांना दिसत नाही. ओळीवर ट्रूच लिहिलेलं असतं. म्हणून पुढची पायरी सोडायची नाही.

नकार येतो का ते तपासा

बरोबर सर्टिफिकेटवर कोड चालला, यातून तपासणीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तपासणी काढून टाकली तरी तो तसाच चालला असता.

ॲपलचं 'गोटू फेल' प्रकरण हेच होतं. सीव्हीई-२०१४-१२६६. सर्व्हरनं पाठवलेल्या कीवरची सही तपासणाऱ्या फंक्शनमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा पडली. दुसरी ओळ कुठल्याच अटीखाली नव्हती, त्यामुळे कोड नेहमी तिथूनच उडी मारायचा, खरी तपासणी करणारी पुढची ओळ कधीच चालायची नाही, आणि तोपर्यंत एरर शून्य असल्यामुळे उत्तर 'यशस्वी' असं जायचं. लेबलचं नाव फेल, निकाल पास. फेब्रुवारी २०१४ मध्ये आयओएस ७.०.६ नं ते दुरुस्त झालं. पुढच्याच महिन्यात ग्नूटीएलएस या लायब्ररीमध्ये तसंच काही निघालं: आतलं फंक्शन अडचण आली की ऋण आकडा द्यायचं, आणि बोलावणारा शून्य नसलेलं सगळं 'हो' समजायचा. जगभरच्या खऱ्या साइट दोन्हीकडे व्यवस्थित उघडत होत्या. खोटी सही पुढे करणारी एक टेस्ट असती तर दोन्ही पकडले गेले असते.

म्हणून टेस्ट उलट्या लिहा. बॅड-एसएसएल-डॉट-कॉम ही साइट यासाठीच आहे. तिच्या 'एक्स्पायर्ड', 'राँग-डॉट-होस्ट', 'सेल्फ-साइन्ड', 'अनट्रस्टेड-रूट' या सबडोमेनवर मुद्दाम बिघडवलेली सर्टिफिकेटं आहेत. तुमच्या क्लायंटचा बेस पत्ता कॉन्फिगमधून एकेक करून तिकडे वळवा. प्रत्येक वेळी एरर आलीच पाहिजे. २०० (म्हणजे 'यशस्वी') आला तर टेस्ट नापास. चारातली 'राँग-डॉट-होस्ट' सगळ्यात महत्त्वाची, कारण हातानं लिहिलेल्या तपासण्या नेमक्या तिथे झोपतात. ओपन-एसएसएलमध्ये तर १.०.२ येईपर्यंत नाव तपासायची सोयच नव्हती, ज्यानं त्यानं आपापलं लिहिलं होतं.

एक बारीक गोष्ट: टेस्टमध्ये 'कुठलाही एक्सेप्शन चालेल' असं लिहू नका. इंटरनेट बंद असेल तरी एक्सेप्शन येतो आणि टेस्ट हसत पास होते. एसएसएल-एररच हवा, आणि त्याच्या मजकुरात 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' हवं. रोजच्या सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) बाहेरच्या साइटवर अवलंबून राहायचं नसेल तर पायथनची 'ट्रस्ट-मी' लायब्ररी टेस्टपुरती सीए आणि सर्टिफिकेटं तयार करून देते. चुकीच्या नावाचं एक बनवा, लोकल सर्व्हरला लावा, आणि नकाराची वाट बघा. शेजारी एक ग्रेप (मजकूर शोधणारी आज्ञा) ठेवा, की वर दिलेले शब्द नव्यानं आले तर बिल्ड थांबेल. ग्रेप फसवता येतं, पण घाईत कोड लिहिणारा माणूस ते फसवायला बसत नाही.

मोबाइल ॲप असेल तर

अँड्रॉइडमध्ये वेबव्ह्यूचं (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) 'ऑन-रिसीव्ह्ड-एसएसएल-एरर' उघडा. आत 'प्रोसीड' असेल तर ते काढून 'कॅन्सल' करा, चर्चा नको. जर्मन संशोधकांनी २०१२ मध्ये १३,५०० अँड्रॉइड ॲप तपासली होती; १,०७४ मध्ये टीएलएसचा (एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनचा) असा धोकादायक कोड होता. टेस्टिंगसाठी प्रॉक्सीचं रूट लागतंच, त्यासाठी नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये 'डिबग-ओव्हरराइड्स' हा भाग आहे. तो फक्त डिबग बिल्डमध्ये लागू होतो, म्हणजे रिलीज करताना काढायला विसरलात तरी नुकसान नाही. ट्रस्ट-मॅनेजर रिकामा करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ऑडिटर 'पिनिंग करा', म्हणजे ॲपला ठराविकच सर्टिफिकेट किंवा की मान्य करायला लावा, असं सुचवतील. घाई करू नका. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस ठरली आहे. थेट सर्टिफिकेट पिन केलं तर दर नूतनीकरणाला ॲप अपडेट द्यावं लागेल, आणि गावाकडचा सभासद अपडेट करत नाही. दोन्ही टोकं तुमच्या हातात असतील तरच पिनिंग करा, तेही पब्लिक कीवर आणि राखीव पिन ठेवून.

समोरचाच 'बंद करा' म्हणत असेल तर

एसएमएस गेटवे, पेमेंट, केवायसी असल्या सेवांच्या पीडीएफमध्ये नमुना कोड असतो आणि त्यात तपासणी बंद असते. विचारलं तर सपोर्टवाला सांगतो, "सर, सगळे क्लायंट असंच वापरतात." त्याच्याशी फोनवर वाद घालू नका. मेल करा, आणि मेलमध्ये एस-क्लायंटचं पूर्ण आउटपुट, व्हेरिफाय रिटर्न कोड आणि नेमकं काय हवंय ते एका वाक्यात लिहा: 'तुमच्या सर्व्हरवर अमुक इंटरमीडिएट पाठवलं जात नाही, फुलचेन लावा.' सपोर्टला ते कळणार नाही, पण तो मेल जसाच्या तसा त्यांच्या सर्व्हरवाल्याकडे जाईल आणि त्याला क्षणात कळेल. आमच्या साहेबांनाही सीसीमध्ये ठेवते. उत्तर लवकर येतं.

तोवर तुमचा कोड तुम्ही बनवलेल्या बंडलवर, तपासणी चालू ठेवून चालतो. त्यांनी सर्व्हर सुधारला की ते बंडल काढून टाका आणि व्हेरिफायचा पाथही काढा. हे कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, कारण सीए आपली इंटरमीडिएट अधूनमधून बदलते, आणि तुमच्या बंडलमध्ये जुनंच पडून राहिलं असेल तर पुन्हा २० नंबर येईल.